खरे बोलणारा रंगरूट

पत्र

स. न. वि. वि. मी पायदळात हवालदार आहे. सतरा वर्षे नोकरी झाली असून गेली दोन वर्षे एका प्रशिक्षण केंद्रात नव्या रंगरूटांचा उस्ताद म्हणून काम करतो. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो आहे आणि या वर्षी अभ्यासात अॅरिस्टॉटल आला. शूर कामे करून माणूस शूर होतो, सवयीने चारित्र्य घडते, हे त्याचे म्हणणे वाचले तेव्हा वाटले, की हा तर आमच्याच परेड मैदानावरचा माणूस आहे. पण दोन गोष्टी मनात अडल्या आहेत. माझ्या डोळ्यांसमोर मुले सरळ वागतात. बिछाना, बूट, रायफल, सगळे लखलखीत. आउट पासवर शहरात गेली, की त्यांतलीच काही अशी वागतात, की आपल्याला मान खाली घालावी लागते. दुसरी गोष्ट अशी, की मागच्या महिन्यात एका मुलाला रात्रीच्या पहाऱ्यावर झोप लागली. कोणी पाहिले नव्हते. सकाळी फॉल-इनमध्ये, म्हणजे रांगेच्या हजेरीत, त्याने स्वतःहून मला सांगितले. मी त्याला सगळ्यांसमोर रगडा, म्हणजे अंग मोडणारी कवायतीची शिक्षा, दिला आणि त्याच्याबरोबर अख्ख्या सेक्शनलाही. तेव्हापासून तो गप्प असतो, सेक्शनमधली मुले त्याच्याशी बोलत नाहीत आणि मला कोणीच काही सांगायला येत नाही. वरून पाहिले तर शिस्त वाढली आहे. आम्ही मुलांचे चारित्र्य घडवतो, की नुसता धाक बसवतो? त्या जुन्या ग्रीकांकडे याचे उत्तर आहे का?
— एक हवालदार (नाव छापू नये)

उत्तर

हवालदारसाहेब, नमस्कार.

अॅरिस्टॉटलला तुम्ही परेड मैदानावरचा माणूस म्हटले, ते मला मनापासून पटले, कारण त्याचे नीतिशास्त्र हे खरोखरच तालमीचे शास्त्र आहे. ‘निकोमेकियन एथिक्स’च्या दुसऱ्या भागाच्या आरंभीच तो दोन शब्दांचे नाते दाखवतो: ग्रीक भाषेत सवयीला ‘एथोस’ म्हणतात आणि त्याच शब्दातला पहिला स्वर लांबवला, की चारित्र्य या अर्थाचा शब्द तयार होतो. एखादी गोष्ट अंगवळणी पडली, असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याही मनात जवळजवळ हेच असते. घरे बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वादक होतो, तसा न्यायाने वागून न्यायी आणि धैर्याने वागून धैर्यवान होतो, हे त्याचे म्हणणे तुम्ही वाचले आहे. त्याला लागूनच आलेले दुसरे म्हणणे मात्र सारांशांत बहुधा गळून पडते आणि तुमच्या प्रश्नाचे मूळ नेमके तिथे आहे. अॅरिस्टॉटल म्हणतो, की चांगले वादक जसे वाजवूनच होतात, तसे वाईट वादकही वाजवूनच होतात. नीट बांधत गेला तो चांगला गवंडी होतो आणि कसेतरी बांधत गेला तो वाईट. तसे नसते, तर शिकवणाऱ्याची गरजच उरली नसती. संकटासमोर उभे राहता राहताच एक जण शूर होतो आणि दुसरा भित्रा, कारण प्रसंग एकच असला तरी त्या प्रसंगात भिण्याची सवय लागली की धीर धरण्याची, यावर सारे अवलंबून असते.

म्हणून तुमच्या प्रश्नाची मांडणी मी थोडी बदलतो. सैनिकी सेवेत चारित्र्य घडते का, याविषयी ग्रीकांना शंका नव्हती; ते घडतेच, फक्त कसे घडते ते उस्तादाच्या हातावर ठरते. त्या सकाळच्या फॉल-इनमध्येही तुमच्या सेक्शनला एक सवय लागली. ती कोणती, याकडे मी परत येतो.

आधी आउट पासचे बघू. त्याच दुसऱ्या भागात अॅरिस्टॉटल स्वतःवरच एक आक्षेप घेतो: न्यायी कामे करणारा आधीच न्यायी नाही का? त्याचे उत्तर देताना तो व्याकरणाचे उदाहरण घेतो. एखाद्याने योगायोगाने किंवा दुसऱ्याने बाजूने सांगितले म्हणून शुद्ध वाक्य लिहिले, तर त्याला व्याकरण आले असे होत नाही. ते ज्ञान त्याच्या स्वतःच्या आत असावे लागते. सद्गुणाच्या बाबतीत तो तीन गोष्टी मागतो. माणसाने आपण काय करतो आहोत ते जाणून करावे, ती कृती तिच्यासाठीच निवडून करावी आणि ढळणार नाही अशा पक्क्या वृत्तीतून करावी. तुमच्या नजरेखाली आरशासारखे झालेले बूट हे बाजूने सांगितलेले शुद्ध वाक्य आहे. ते वाईट नाही; प्रत्येक मूल भाषा अशीच शिकते, आधी म्हणवून घेऊन आणि मग समजून. पण प्रशिक्षण तिथेच थांबले, तर सांगणारा बाजूला झाला की वाक्य चुकणारच, आणि शहरातल्या रस्त्यावर सांगणारा कोणी नसतो. तिथे मुले बिघडत नाहीत, हवालदारसाहेब. त्यांच्यापर्यंत काय पोहोचायचे राहिले आहे, ते तिथे उघडे पडते.

धाकाविषयीही अॅरिस्टॉटलने लिहिले आहे आणि तो भाग प्रत्येक उस्तादाने वाचावा, असे मला कळकळीने वाटते. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागात धैर्याचा विचार करताना तो धैर्यासारखी दिसणारी, पण धैर्य नसलेली पाच रूपे सांगतो. डोक्यात राख घालून तुटून पडणे, आजवर जिंकत आलो म्हणून निर्धास्त असणे आणि संकट ठाऊकच नसल्यामुळे न घाबरणे, ही त्यांतली तीन. उरलेली दोन तुमच्या कामाशी थेट भिडतात. एक आहे नागरिकाचे धैर्य, म्हणजे मानाच्या ओढीने आणि बदनामीच्या लाजेने टिकून राहणे. ते खऱ्या धैर्याच्या सर्वांत जवळचे, असे तो म्हणतो. पण याच गटात त्याने आणखी एक खालची पायरी दाखवली आहे: पळणाऱ्याला सरदार मारतात म्हणून किंवा पाठीमागे खंदक ठेवून उभे केले आहे म्हणून जे लढतात, ते. असे सैनिक लाजेने नव्हे तर भीतीने उभे असतात, आणि लाज व भीती यांत त्याच्या मते मोठे अंतर आहे, कारण लाजणाऱ्या माणसाला निदान काहीतरी हीन वाटते, तर भिणाऱ्याला फक्त वेदना टाळायची असते. दुसरे रूप म्हणजे सरावलेल्या, पगारी सैनिकांचे कौशल्य. शस्त्र उत्तम चालते तोवर ते शूर दिसतात आणि संख्याबळ व साधने कमी पडली, की पहिले पळतात, तेव्हा साधे नागरिक मात्र जागेवर मरतात. हर्मीसच्या देवळापाशी असेच घडल्याचा उल्लेख तो करतो. कौशल्य शिकवू नये, असा याचा अर्थ नाही. कौशल्य पुरेसे झाले, की बाकीचे आपोआप येईल, हा भरवसा तो काढून घेतो.

लाजेविषयी त्याचे आणखी एक निरीक्षण आहे. लाज हा पूर्ण सद्गुण नव्हे, पण तरुण वयात ती शोभते, कारण तरुण भावनेच्या भरात चुकतात आणि लाज त्यांना आवरते. म्हणजे अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या हाती जे पहिले साधन असते, ते लाज. ती कशाची वाटावी, हे शिकवणे तुमच्या हातात आहे, आणि इथे मला तुमच्या त्या मुलाकडे यावे लागते.

हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने एका स्पार्टन सैनिकाची हकीकत लिहून ठेवली आहे. इ.स.पू. ४८० मध्ये इराण्यांविरुद्धच्या थर्मोपिलीच्या लढाईच्या वेळी अॅरिस्टोडेमस आणि युरिटस हे दोघे डोळ्यांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते आणि राजा लिओनिडासने त्यांना छावणीतून जायची परवानगी दिली होती. युरिटसने शस्त्रे चढवली, नोकराला हात धरून रणात न्यायला सांगितले आणि तो तिथे मेला. अॅरिस्टोडेमस जिवंत घरी परतला. स्पार्टात त्याच्याशी कोणी बोलेना आणि कोणी त्याला चूल पेटवायला विस्तव देईना. आपण ज्याला ‘विस्तव जात नाही’ म्हणतो, ते त्याच्या बाबतीत अक्षरशः घडले. त्याला ‘थरकापणारा’ असे नाव पडले. पुढच्याच वर्षी प्लॅटियाच्या लढाईत तो रांग सोडून पिसाटासारखा शत्रूवर धावला आणि पडला. हेरोडोटसच्या मते त्या दिवशी सर्वांत जास्त पराक्रम त्याचा होता. स्पार्टन लोकांनी मात्र पहिला मान पोसिडोनियस या दुसऱ्या सैनिकाला दिला, कारण अॅरिस्टोडेमस मरायला निघाला होता आणि पोसिडोनियस जगण्याची इच्छा असूनही लढला. हेरोडोटसला यात मत्सराचा वास आला. मला त्या निवाड्यात तथ्य वाटते, पण त्याच्या आधीचे वर्ष मला अस्वस्थ करते. ज्याच्याशी कोणी बोलत नाही, अशा माणसाला बहिष्काराने शूर केले नाही; त्याने त्याला रांग मोडायला लावली, आणि ढालीला ढाल लावून लढणाऱ्या त्या सैन्यात रांग मोडणे म्हणजे शेजाऱ्याची बाजू उघडी टाकणे. तुमच्या सेक्शनमध्ये एक मुलगा आज महिनाभर गप्प आहे.

त्याने काय केले होते, ते पुन्हा पाहू. पहाऱ्यावर झोपणे हा लहान दोष नाही, हे मी सैनिक नसूनही जाणतो. पहारेकऱ्याच्या जागरणावर बाकीचे झोपलेले असतात. त्याची शिक्षा त्याला व्हायलाच हवी होती आणि ती कोणती व किती, हे तुमचे नियम ठरवतील, त्यात मी बोलणार नाही. पण त्या रात्री त्याच्या हातून दोन कृती घडल्या, एक झोपण्याची आणि दुसरी, उजाडल्यावर, कोणी विचारले नसताना खरे सांगण्याची. प्लेटोचे मत मान्य करून अॅरिस्टॉटल म्हणतो, की योग्य गोष्टीत आनंद आणि योग्य गोष्टीत दुःख वाटावे, अशी लहानपणापासून घडण करणे, हेच खरे शिक्षण. मग त्या सकाळी दुःख कोणत्या कृतीला चिकटले? पोरांच्या जागी उभे राहून पाहा. आदल्या रात्री झोप लागली, तेव्हा काहीच झाले नाही. सकाळी तोंड उघडले आणि दहा जणांची कंबर मोडली. झोपू नये, हा धडा त्यातून क्वचित कोणी घेतला असेल. बोलू नये, हा मात्र सगळ्यांच्या हाडीमासी भिनला. तुम्हाला कोणी काही सांगत नाही, ही वाढलेली शिस्त आहे असे तुम्हालाही वाटत नाही, नाहीतर तुम्ही हे पत्र लिहिले नसते.

जिथे काही पणाला लागलेले नाही तिथेही जो खरे बोलतो, तो काही पणाला लागल्यावर अधिकच खरे बोलेल, असे अॅरिस्टॉटल सत्यप्रिय माणसाविषयी लिहितो. तुमच्या रंगरूटाने तर अंगावर ओढवून घेऊन खरे सांगितले. अॅरिस्टॉटल याला धैर्य म्हणायला कचरला असता, कारण धैर्य हा शब्द तो मुख्यतः रणातल्या मृत्यूसमोरच्या वागण्यासाठी राखून ठेवतो. इथे मला प्लेटोचा ‘लॅकीस’ हा संवाद जास्त जवळचा वाटतो. त्यात लिसिमॅकस आणि मेलेसियस हे दोन वृद्ध बाप आपल्या मुलांना शस्त्रविद्या शिकवावी का, हे विचारायला निसियास आणि लॅकीस या सेनापतींकडे येतात. या दोन वृद्धांचे वडील अथेन्सचे नामांकित पुढारी होते, पण जगाचा कारभार पाहताना त्यांनी आमच्याकडे लक्ष दिले नाही, अशी खंत ते मोकळेपणाने बोलून दाखवतात. बोलणे हळूहळू शस्त्रावरून धैर्यावर येते. लॅकीस सैनिकाला साजेसे उत्तर देतो: जो रांगेत टिकून शत्रूला तोंड देतो आणि पळत नाही, तो शूर. सॉक्रेटिस त्याला सांगतो, की सिथियन लोक मागे हटत हटत लढतात आणि प्लॅटियाला स्पार्टन पायदळही मागे सरून मगच उलटले. शिवाय समुद्रावर, आजारपणात, गरिबीत, राजकारणात आणि वासना व सुखे यांच्याशी झगडतानाही काही माणसे शूर असतात. सुखांशी झगडणे हे शब्द मी मुद्दाम अधोरेखित करतो, कारण आउट पासची संध्याकाळ ही तीच लढाई आहे.

हे बोलणारा सॉक्रेटिस स्वतः सैनिक होता, हे विसरू नये. पोटिडिया, डेलियम आणि अॅम्फिपोलिस या तिन्ही मोहिमांत तो होता. इ.स.पू. ४२४ मध्ये डेलियमला अथेन्सच्या सैन्याची दाणादाण उडाली, तेव्हा लॅकीस त्याच्याबरोबर माघार घेत होता. पळापळीत सॉक्रेटिस मित्र आणि शत्रू दोघांकडे शांतपणे पाहत असा चालत होता, की लांबूनच कळावे, याच्या वाटेला जाणे महागात पडेल. बाकीचे तसे वागले असते तर पराभव झालाच नसता, असे लॅकीस त्या संवादात म्हणतो. पुढे ‘तीस जुलमी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजवटीने सॉक्रेटिसला आणखी चार जणांबरोबर सलामिसच्या लिऑनला मारण्यासाठी पकडून आणायचा हुकूम दिला, तेव्हा बाकीचे चौघे गेले आणि हा सरळ घरी गेला. सेनापतीने उभे केलेल्या जागेवरून न हलणारा आणि अन्यायाच्या हुकमाला पाठ दाखवणारा माणूस एकच होता. पहारा आणि खरे बोलणे या दोन्ही गोष्टी एकाच मुलात वाढवता येतात, एवढ्यासाठी मी हे सांगितले.

स्पार्टाचे कौतुक तुमच्याकडे होत असेल, म्हणून थोडे त्याविषयी. अॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये लिहिले आहे, की कष्टांच्या अतिरेकाने स्पार्टन लोक मुलांना जनावरासारखे करतात आणि ते इतरांहून सरस ठरत होते, ते तालमीच्या गुणामुळे नव्हे, तर दुसरे कोणी तालीमच करत नव्हते म्हणून. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्राला थीब्सने त्यांना हरवल्यावर तो लिहीत होता.

अथेन्सची पद्धत मला अधिक विचाराची वाटते, जरी तीही फक्त स्वतंत्र नागरिकांच्या मुलग्यांपुरती होती आणि गुलामांना व स्त्रियांना त्यात स्थान नव्हते. इ.स.पू. चौथ्या शतकात तिथे अठरा वर्षांच्या मुलांना दोन वर्षांची सेवा असे. लढाईचे शिक्षक वेगळे होते. ते ढाल-भाला, धनुष्य आणि भालाफेक शिकवत. त्यांच्याखेरीज दहा जमातींपैकी प्रत्येकीसाठी एक ‘सोफ्रोनिस्टेस’, म्हणजे संयम शिकवणारा, नेमला जाई. त्या मुलांचे बाप एकत्र जमून, शपथ घेऊन, चाळिशीच्या पुढची तीन माणसे सुचवत आणि लोकसभा त्यांतला एक निवडी. मुलांना रोज चार ओबोल भत्ता मिळे. तो सगळा हा माणूस हातात घेऊन धान्य-भाजी आणी आणि त्या जमातीची मुले एका पंगतीला जेवत. सद्गुण शिकवणारा माणूस मेसची पिशवीही सांभाळत होता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. तुमच्याकडे ही दोन्ही कामे एकाच उस्तादाला करावी लागतात. त्या मुलांची शपथ अकार्नी गावच्या शिळालेखात टिकून आहे: मी शस्त्रांना बट्टा लावणार नाही, जिथे उभा असेन तिथे शेजाऱ्याला सोडणार नाही. साक्षीला देव आहेत, देशाच्या सीमा आहेत आणि गहू, जव, द्राक्षवेली, ऑलिव्ह व अंजीरही आहेत. आज्ञा पाळण्याचे वचनही आहे, पण विवेकाने राज्य करणाऱ्यांची. तुमच्या कसम परेडच्या आधी ही शपथ मुलांना मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवा आणि त्यांना ‘शेजाऱ्याला सोडणार नाही’ याचा अर्थ विचारा.

आता करायचे काय, ते सांगतो. त्या मुलाला एकट्याला बोलावून पाठ थोपटणे पुरेसे नाही, कारण जे घडले ते सर्वांसमोर घडले. ज्या मैदानावर रगडा दिला, तिथेच, त्याच सेक्शनसमोर सांगा, की झोपेची शिक्षा योग्य होती आणि आजही तीच दिली असती. पण त्याने स्वतःहून सांगितले, ते सैनिकाला शोभणारे होते, आणि ज्यांनी काही केले नव्हते त्यांना मी त्यात ओढले, ते माझ्याकडून चुकले. उस्तादाने चूक कबूल केली तर धाक जाईल, ही भीती तुम्हाला वाटेल. धाक थोडा जाईलही. त्याच्या जागी काय येते, ते पाहायला मुलांना तुमच्याहून चांगला नमुना मिळणार नाही, कारण खरे बोलणे अंगावर घेणे म्हणजे काय, हे ती प्रथमच वरच्या माणसाकडून पाहतील. त्यानंतर पहारा का ठेवतात, त्या दोन तासांत कोणाचे जीव कोणाच्या डोळ्यांवर असतात, हे तुमच्या सतरा वर्षांतल्या एखाद्या रात्रीची गोष्ट सांगून समजवा. मग आठवड्यातून एखादे लहान काम, समजा कोताची, म्हणजे शस्त्रांच्या कोठाराची, सफाई किंवा भांड्यांची मोजदाद, त्यांच्या हवाली करा आणि खरोखर तपासू नका. काही वेळा ते बिघडेल. बिघडले म्हणून सांगायला जो येईल, त्याचे आधी नीट ऐकून घ्या.

‘लॅकीस’ लहान आहे, एका बैठकीत वाचून होतो. परीक्षेला नसला तरी वाचा. शेवटपर्यंत धैर्याची व्याख्या त्यात कोणालाच सापडत नाही. दोन सेनापती आणि सॉक्रेटिस हात टेकतात, आणि म्हातारा लिसिमॅकस सॉक्रेटिसला म्हणतो, उद्या उजाडताच माझ्या घरी ये, आपण पुन्हा बसू. सॉक्रेटिस येतो म्हणतो. तुमचे फॉल-इनही पहाटेचेच असते. पत्र हाती पडेल त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलाला रांगेतून पुढे बोलवा.